रणरागिणींची कॅचर

शैलाताईंसमोर ‘सगळं मस्त चाललंय’ असं म्हणायची सोय नव्हती. म्हणालात, तर त्या सरळ तुमच्या तोंडावर हात ठेवायच्या. माझ्या नवऱ्याला प्रमोशन मिळणार असं कानावर आलं, त्या आठवड्यात मी त्यांना इंडियन स्टोअरमध्ये गाठून सांगायला लागले. वाक्य अर्धं झालं नाही तोच त्यांनी हातातली कोथिंबिरीची जुडी माझ्या तोंडासमोर धरली.

"लेटर हातात आलं का?"

"नाही अजून, पण मॅनेजर म्हणाला की..."

"मग गप बस. मेथी ताजी आहे, ती घे."

प्रमोशन मिळालं नाही. ताईंनी त्यावर नंतर एक अक्षर काढलं नाही, पण तेव्हापासून त्यांच्यासमोर काही चांगलं बोलायचं म्हटलं की माझीच जीभ अडखळायला लागली.

शिकागोजवळ नेपरव्हिलला आल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझी त्यांची ओळख झाली. मराठी मंडळातल्या बायकांनी पार्क डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावच्या उद्यान खात्याच्या, रविवारच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये टीम उतरवायची ठरवली होती. उद्देश उदात्त होता, वजन कमी करणे. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण, बॉल जरा मोठा आणि मैदान जरा लहान, एवढं कळलं तरी पुरे. आमच्यातल्या बहुतेकींना तेवढंच कळलं होतं. शैलाताई मात्र अमरावतीच्या, कॉलेजात असताना युनिव्हर्सिटीकडून खेळलेल्या. विदर्भात पोरी हा खेळ जीव तोडून खेळतात, हे पुण्याच्या माझ्यासारखीला अमेरिकेत येऊन समजलं. पंचावन्नच्या आसपास वय, जेमतेम पाच फूट उंची, गोल चेहरा, आणि डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी. त्या करंगळीबद्दल विचारलं की म्हणायच्या, "नागपूरच्या मॅचची आठवण आहे."

टीमचं नाव ठरवायला रीतसर मीटिंग झाली आणि ‘रणरागिणी’ हे नाव पास झालं. ताई एकट्या विरोधात होत्या. "रणात कोण चाललंय? रविवारी सकाळी खेळायचं, घरी येऊन कुकर लावायचा. उगाच रणाचं नाव कशाला काढता?" हात वर करून मतदान झालं आणि त्या हरल्या. टी-शर्ट छापून आले तेव्हा त्यांनी आपल्या टी-शर्टवर पहिल्याच दिवशी जाकीट चढवलं, ते जुलैच्या उकाड्यातही उतरवलं नाही.

त्या आमच्या कॅचर आणि मी पिचर. म्हणजे मी बॉल टाकायचा आणि त्यांनी फलंदाज बाईच्या मागे उकिडवं बसून तो पकडायचा. मला एकाच प्रकारचा बॉल टाकता येतो, तो जिथे पडेल तिथे पडतो. तरी ताई दर बॉलला बोटांनी खुणा करायच्या, बाहेरचा टाक, आतला टाक, खाली ठेव. मी मान डोलावून माझा तोच बॉल टाकायचे. मैदानावर बाकी सगळ्या जणींची तोंडं ताईंकडे असायची आणि ताईंचं आम्हा सगळ्यांकडे. त्यामुळे आमच्या पाठीमागे जे जे काही होतं, झोपाळे, पार्किंग लॉट, आभाळ, ते फक्त त्यांनाच दिसायचं. त्यांच्याकडे बघता बघता आपल्या मागे काय चाललंय याचा अंदाज घ्यायची मला सवय लागली. त्यांचे डोळे बारीक झाले की माझ्या मानेवर काटा यायचा.

एकदा भर खेळात त्यांनी मास्क काढला आणि उभ्या राहिल्या. माझ्या पाठीमागे पश्चिमेचं आभाळ शेवाळासारखं हिरवं झालं होतं. अंपायर म्हणजे एक सहा फुटी म्हातारा, तो म्हणाला, अजून वादळाचा सायरन झालेला नाही, खेळ चालू ठेवा. ताई म्हणाल्या, "सर, सायरन विल कम. वी आर गोइंग." आणि बॅग उचलून चालायला लागल्या. समोरची टीम हसत होती. आम्ही कोंबडीमागे पिल्लं जावीत तशा त्यांच्यामागे गेलो. पार्क डिस्ट्रिक्टच्या इमारतीचं दार लावून घेतो न घेतो तोच सायरन वाजला, आणि पाठोपाठ लिंबाएवढ्या गारा. पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचा फुटल्याचे आवाज आत ऐकू येत होते. हसणाऱ्या बायकाही तोवर आत पळत आल्या होत्या. त्यांतल्या एकीने ताईंना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ताईंनी खांदे उडवले आणि बॅगेतून पोळीचा रोल काढून खायला लागल्या.

दृष्ट लागते यावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढाच अमेरिकन बेसबॉलमधल्या एका रिवाजावर होता. पिचरला अजून कुणीच हिट मारलेला नसला, तर तिच्याच टीमने ती गोष्ट तोंडाने उच्चारायची नाही. तिच्याशी बोलायचंही नाही, बाकावर तिच्या शेजारी बसायचं नाही. ताईंना हा रिवाज कळला तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या, जणू माहेरचं कुणी भेटलं. "बघ, यांच्यात पण आहे!" एका रविवारी माझ्या हातून चमत्कार घडत होता, चार इनिंग झाल्या तरी समोरच्यांना एक हिट मिळाला नव्हता. बाकावर सगळ्या जणी माझ्यापासून लांब सरकून देवळात बसल्यासारख्या बसल्या होत्या. आमच्या टीममध्ये प्राजक्ता नावाची नवी मुलगी होती, तिला हे काही ठाऊक नव्हतं. ती मोठ्याने म्हणाली, "अनघा, यार, अजून एकपण हिट नाही!"

ताईंचा चेहरा उतरला. त्या तडक हॉट डॉगच्या खिडकीकडे गेल्या आणि मिठाची पुडी व पिवळ्या मस्टर्डचं पाकीट घेऊन आल्या. दोन्ही मुठीत धरून त्यांनी माझ्यावरून उतरवली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी म्हटलं, "ताई, अहो हा सॉस आहे." तर म्हणाल्या, "मोहरीचाच ना? मग झालं तर." पुढच्याच बॉलला हिट बसला. प्राजक्ता बिचारी त्यानंतर महिनाभर ताईंच्या नजरेला नजर देत नव्हती.

दर एप्रिलला, सीझन सुरू होण्याआधी, ताईंच्या बेसमेंटमध्ये एक जुना इंग्रजी सिनेमा बघायचा असा नेम होता. महायुद्धात पुरुष लढायला गेले म्हणून बायकांच्या बेसबॉल टीम उभ्या राहिल्या, त्यावरची कॉमेडी. खिचडी आणि नाचोज एकाच पेपर प्लेटमध्ये घेऊन आम्ही दर वर्षी त्याच जागी हसायचो. ताई मध्येच रिमोट दाबून चित्र थांबवायच्या. "स्कर्ट घालून मातीत घसरायचं म्हणजे मांड्या सोलून निघणार. हसताय काय?" आणि आम्ही अजूनच हसायचो. त्या पण हसायच्या. हसताना त्यांचं सगळं अंग हलायचं आणि डोळ्यांतून पाणी यायचं.

मग त्यांच्या मुलीने सैन्यात नाव घातलं.

मुक्ता त्यांची एकुलती एक. दोन वर्षांची असताना इथे आलेली, हसरी, काटक, आईसारखीच बुटकी. सुट्टीत आमच्याकडून सेकंड बेसला खेळायची आणि आम्हा सगळ्यांना ‘मावशी’ म्हणायची, मावशी हा एक शब्द सोडला तर बाकी वाक्य इंग्रजीत. कॉलेज संपलं आणि एका संध्याकाळी जेवताना तिने सांगितलं की मी आर्मी जॉइन केली. तिला हेलिकॉप्टरं दुरुस्त करायची होती. विलासराव, म्हणजे ताईंचे यजमान, आयटीतले शांत गृहस्थ. ते आठवडाभर ऑफिसला गेले नाहीत. नंतर कुणी विचारलं की सांगायचे, "ती गव्हर्नमेंटमध्ये लागली." मंडळातल्या बायका तेवढ्यावर थोड्याच थांबणार? "आर्मीत? का गं, मेडिकलला नाही मिळालं का?" असं एकीने ताईंना तोंडावर विचारलं. ताई म्हणाल्या, "नाही मिळालं." मुक्ताने मेडिकलची परीक्षाच दिली नव्हती.

पुढच्याच वर्षी तिला आखातातल्या कुठल्याशा तळावर पाठवलं. त्या एप्रिलला सिनेमा चालू असताना ताईंनी नेहमीसारखंच चित्र थांबवलं. आम्ही त्या काय चूक काढतात म्हणून वाट बघत होतो.

"तिकडे जी पोरं लढायला गेलीत, त्यांच्या आया कुठे आहेत?"

एकीने नाचोजची प्लेट खाली ठेवली.

"इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच नाही आलं. बायका दाखवल्यात, नवरे दाखवलेत. एक तरी आई फोनपाशी बसलेली दाखवायची." मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि खिचडी गरम करायला वर गेल्या. तो सिनेमा आम्ही पुन्हा लावला नाही.

तेव्हापासून मुक्ताचं नाव टीममध्ये कुणी काढायचं नाही, हा न सांगितलेला नियम झाला. तिचा फोन आला की ताईंच्या चालण्यात फरक पडायचा, तो आम्हाला कळायचा, पण ‘कशी आहे?’ असं विचारायची कुणाची टाप नव्हती. ‘ठीक आहे’ हे उत्तर त्यांना तोंडाने द्यावं लागलं असतं ना! त्यांच्या घरी गेले तर दाराजवळची बेल काढलेली. भिंतीला नुसती दोन भोकं आणि पांढरं सिमेंट. मी खिडकीवर टकटक केली. बेलचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. ते मला कळलं मे महिन्यात, महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला.

मंडळाने त्या वर्षी ‘आपल्या कर्तबगार लेकी’ म्हणून पाच मुलींचा सत्कार ठेवला होता. दोन डॉक्टर, एक वकील, एक रोबोटिक्सवाली, आणि मुक्ता. पाचही जणी बाहेरगावी, म्हणून शाल-श्रीफळ आयांना द्यायचं आणि मुलींचे फोटो स्टेजवर मांडायचे असं ठरलं. ताईंनी नको म्हणून सांगितलं होतं. पण अध्यक्ष सुनीतीकाकू कसल्या ऐकतायत! "शैला, अगं अभिमानाची गोष्ट आहे." स्टेज सजवायचं काम इथेच जन्मलेल्या शाळकरी मुलामुलींकडे दिलं होतं. पडदा उघडला. टेबलावर समयी, उदबत्ती, आणि पाच फ्रेम. पाचही फोटोंना पांढऱ्या फुलांचे हार घातलेले.

हॉलमधल्या माना पुढे झाल्या. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, कुणी "अगं बाई!" म्हणालं. डॉक्टर मुलींच्या आया डोक्याला हात लावून हसायला लागल्या. सुनीतीकाकू विंगेत धावल्या आणि आमच्या सगळ्यांच्या कानावर त्यांचा आवाज आला, "अरे, जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का?" त्यावर एका मुलाचा रडवेला आवाज, "बट आज्जीकडे सगळ्या फोटोजना असतो!" पोराचं काही चुकलं नव्हतं. त्याने पुण्याच्या घरी भिंतीवर जेवढे फोटो पाहिले, ते सगळे हारवालेच होते.

शैलाताई हसल्या नाहीत. त्या उठल्या, स्टेजच्या पायऱ्या चढल्या आणि युनिफॉर्ममधल्या मुक्ताच्या फोटोवरचा हार काढला. समयीही फुंकरीने विझवली. तो हार हातात लोंबकळत तशाच त्या मधल्या वाटेने बाहेर पडल्या. मी मागे गेले. पार्किंगमध्ये म्हणाल्या, "नदीवर ने मला."

आमच्या गावातून एक लहानशी नदी वाहते, काठाने फिरायला विटांची वाट आहे. ताईंनी काठावर उभं राहून हार पाण्यात सोडला. निर्माल्य सोडतात तसा. पण तो हार इंडियन स्टोअरचा, प्लास्टिकचा. तो बुडेना. थोडा पुढे गेला, गोल फिरला आणि काठाच्या झुडपात येऊन अडकला. ताईंनी काटकी घेऊन तो ढकलला, तो पुन्हा आला. "जाऊन नाही राह्यला मेला," त्या म्हणाल्या. जिवाची तगमग झाली की त्यांच्या तोंडून अमरावती बाहेर पडायची. तेवढ्यात कुत्रा घेऊन एक बाई आली. तिने अगदी नम्रपणे सांगितलं की नदीत प्लास्टिक टाकायला बंदी आहे, तुम्ही प्लीज ते बाहेर काढा. आणि ताईंनी रेशमी साडीचा ओचा सावरून, गुडघ्यावर बसून, तो हार आपल्या हाताने परत बाहेर काढला.

गाडीत तो पाणी गळणारा हार पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पूल ओलांडल्यावर म्हणाल्या, "जखमी झाली तर फोन येतो. नाहीतर फोन येत नाही. दोन माणसं घरी येतात, युनिफॉर्म घालून. बेल वाजवतात." मी गाडी चालवत राहिले. मला तेव्हा जे वाटलं ते सांगते. मला भीती वाटली, आणि ती मुक्तासाठी नव्हती, ताईंचीच होती. या बाईने इतके दिवस हे सगळं पोटात ठेवून आमच्याशी आत-बाहेरच्या बॉलवर वाद कसा घातला, हेच मला समजेना.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, एका शुक्रवारी, बातमी आली की तिकडच्या एका तळावर ड्रोन पडले. तळाचं नाव सांगितलं नव्हतं. मुक्ताचा फोन लागत नव्हता, मेसेजला उत्तर नव्हतं. शनिवारी मी डबा घेऊन गेले तर विलासराव फोन समोर ठेवून डायनिंग टेबलाशी बसले होते आणि ताई ओटा घासत होत्या. ओटा आधीच लखलखीत होता. रविवारी आमची मॅच होती. ती कॅन्सल करू या असा ग्रुपवर मेसेज टाकावा म्हणून मी फोन उचलला, तर ताईंचाच मेसेज, ‘नऊला या. पाणी आणा. ऊन आहे.’

त्या आल्या. पॅड बांधले, मास्क घातला. मी जवळ जाऊन म्हटलं, "ताई, घरी थांबायचं ना." त्या म्हणाल्या, "मी घरी नसले तर ती दोघं सांगतील कुणाला?" आणि आपला फोन बंद करून बॅगेत तळाला ठेवला.

मी इतकं वाईट पिचिंग आयुष्यात केलं नसेल. बॉल कुठेही जात होते. ताई प्रत्येक बॉल उठून आणायच्या, माझ्याकडे फेकायच्या आणि पुन्हा बसून बोटांची खूण करायच्या. बाहेरचा. आतला. खाली. तिसऱ्या इनिंगला त्यांनी खूण करायला हात खाली नेला आणि तो तिथेच राहिला. डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे लागले. माझ्या पाठीमागे पार्किंग लॉट होता. विलासरावांच्या गाडीचा ओळखीचा खडखडाट येऊन थांबला, मग दार उघडल्याचा आवाज आला. मला मागे वळून बघायचं धैर्य नव्हतं. मी त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि मास्कच्या जाळीतून मला तो नीट दिसेना. विलासराव घर सोडून आले होते. फोनसमोरून उठून आले होते. म्हणजे काय ते आम्हाला दोघींनाही कळत होतं.

ताईंनी खूण केली. आतला बॉल. मी टाकला नाही. त्यांनी पुन्हा खूण केली, या वेळी जोरात, जवळजवळ रागाने. मी टाकला. बॉल त्यांच्या ग्लव्हमध्ये बसला. त्यांनी तो माझ्याकडे परत फेकला आणि तिसरी खूण केली. हा बॉल चालू आहे तोवर पुढचं काही व्हायचं नाही, असा त्यांचा हिशेब असावा. मी टाकत राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बॅट घेऊन उभी असलेली ती परकी मुलगी माझ्याकडे टकामका बघत होती.

मग कुंपणापाशी विलासरावांचा आवाज आला. घरातल्या सपाता घालून आले होते, धापा टाकत होते. "बोलली! शैला, बोलली ती! तुझा फोन का बंद आहे? आवाज ऐकलाय मी तिचा!"

ताईंनी मास्क काढला, जमिनीवर नीट ठेवला, बाकाच्या मागे गेल्या आणि ओकल्या. मी त्यांची पाठ चोळत होते. पाठ थंडगार पडली होती. बाकी टीम आनंदाने किंचाळत धावत येत होती, ताईंनी ओकता ओकता हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "बोलू नका. कुणी काही बोलू नका." मुक्ता बचावली होती. तिच्याबरोबर काम करणारी दोन माणसं बचावली नव्हती.

सप्टेंबरात ती सुट्टीवर आली. चार वर्षांनी मोठी झाल्यासारखी दिसत होती. सराव बघायला मैदानावर यायची, आमच्याशी हसून बोलायची, पूर्वीसारखीच मावशी म्हणायची. मला वाटलं, सुटलो. घरी मात्र ती उभ्याने जेवायची, पटापट, आणि ताट विसळून ठेवायची. एक दिवस तिने आपला ग्लव्ह माझ्या मुलीला देऊन टाकला. कॉलेजचे स्वेटर, पुस्तकं, खोक्यात भरून शेजारीपाजारी वाटली. मी ताईंना म्हटलं, "किती मोठ्या मनाची आहे हो." ताई बॅटा मोजून बॅगेत घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "सामान वाटून राह्यली ती. परत चालली." मुक्ताने त्यांना तोवर काही सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी सांगितलं. तिने पुढच्या मुदतीची सही केली होती, त्याच तळावर. "माझे लोक आहेत तिथे," असं ती इंग्रजीत म्हणाली. विलासरावांनी विचारलं, "मग आम्ही कोण आहोत?" ती ताट विसळायला गेली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात कंपनीने विलासरावांना टेक्सासमधल्या प्लेनोला हलवलं आणि ताईही गेल्या. त्यांच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं, दाराशी नवी बेल आहे. मुक्ता अजून त्याच तळावर आहे. ताईंचा अधूनमधून मेसेज येतो, गवार महाग आहे, इथे ऊन फार, असलं काहीतरी. मी पण मुलीची परीक्षा, बर्फ किती पडलं, असलंच कळवते. दोघींना जे विचारायचं-सांगायचं असतं ते सोडून बाकी सगळं.

त्या सप्टेंबरातल्या सुट्टीच्या शेवटी मुक्ताला विमानतळावर सोडायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. विलासराव आले नाहीत, मीटिंग आहे म्हणाले. रविवार होता. गाडी डिपार्चरच्या दाराशी लावली, मुक्ताने तिची अवजड बॅग उतरवली. ताई गाडीतून उतरून तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि इतके महिने ज्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नव्हता ती सरळ बोलल्या.

"जाऊ नको."

"आई, प्लीज. आय साइन्ड."

"माहीत आहे मले. तरी सांगून राह्यली. जाऊ नको, मुक्ता. मला तू जिवंत पाहिजे."

आजूबाजूने लोक ट्रॉल्या ढकलत चालले होते. मुक्ताने बॅगेचा पट्टा हातातून सोडला. तिचा खालचा ओठ लहान मुलीसारखा थरथरला. मग ती वाकली. त्या पोरीला कधी कुणाच्या पाया पडताना मी पाहिलं नव्हतं. ती वाकली आणि आईच्या पावलांना हात लावून तशीच थांबली, डोक्यावर हात येईल म्हणून. आपल्याकडे वाकलेल्या लेकराला आशीर्वाद द्यायला कुणाला शिकवावं लागत नाही, हात आपोआपच जातो. ताईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरले.

"नाही देणार. परत ये, मग देते."

मुक्ता वाकलेलीच होती. पिवळं जाकीट घातलेला पोलीस आमच्याकडे बघून शिट्टी मारत होता, गाडी हलवा म्हणत होता. ताईंची वाकडी करंगळी दुसऱ्या हाताच्या मुठीत पांढरी पडली होती. मला वाटलं आता तरी देतील. त्यांनी दिला नाही. मुक्ता सरळ झाली, आईकडे एकदा बघितलं, बॅग खांद्यावर टाकली आणि आत गेली. काचेचं दार तिच्यामागे बंद झालं, दुसऱ्या कुणासाठी उघडलं, पुन्हा बंद झालं.

पोलीस जवळ आला तेव्हा मी ताईंना दंडाला धरून गाडीपाशी आणलं. ड्रायव्हरच्या दाराशी त्या उभ्या राहिल्या. हात अजून पाठीमागेच होते. त्यांना ते सोडवता येईनात.

"तू चालव," त्या म्हणाल्या.